अभ्यासाला बसायचं कुठे?

मार्च २०२०च्या अखेरीस कोरोनाच्या टाळेबंदीत लोकल थांबली आणि ठाणे, डोंबिवली, कल्याणमधली महाविद्यालयं मोबाइलवर आली. सुरुवातीला अनेक विद्यार्थ्यांना हायसं वाटलं, आणि त्यात गैर काही नव्हतं. कल्याणहून मुंबईत शिकायला जाणाऱ्याचे रोजचे दोन-अडीच तास गर्दीत जातात; ते वाचले. रेकॉर्ड केलेलं लेक्चर पुन्हा ऐकता येत होतं. ज्यांना जिने चढणं जड जातं, त्यांना तर वर्ग पहिल्यांदाच विनासायास गाठता आला. त्या वर्षाचा हिशेब मांडताना ही जमेची बाजू वगळणं अन्यायाचं होईल.

या साऱ्या व्यवस्थेने एक गोष्ट मात्र गृहीत धरली होती : प्रत्येकाच्या घरी अभ्यासाला बसण्यापुरती जागा आहे.

डोंबिवलीच्या जुन्या इमारतींमध्ये वन रूम किचनचे संसार असंख्य आहेत. एरवी सकाळी घरातली माणसं पांगतात, म्हणून त्या दोन खोल्या पुरतात. २०२०मध्ये सगळी एकाच वेळी घरात होती. वडिलांचा ऑफिसचा कॉल, धाकट्याची ऑनलाइन शाळा, आजीचा टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. अशा घरातली बी.एस्सी.ची मुलगी स्वयंपाकघरात ओट्यालगत बसते, मोबाइल डब्याला टेकवते आणि माइक बंद ठेवते. मॅडमनी नाव पुकारलं तरी तो चालू करायला कचरते. हजेरी लागते, शंका मनातच राहते. कॅमेरा बंद ठेवणाऱ्या मुलांना त्या काळात सरसकट आळशी ठरवलं गेलं. मागच्या दोरीवरचे कपडे अख्ख्या वर्गाला दिसू नयेत, एवढंच त्यातल्या कित्येकांना वाटत होतं.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८मध्ये देशाच्या शहरी भागातल्या सुमारे ४२ टक्के घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक जेमतेम २३ टक्के घरांत होता. म्हणजे शहरातही चारांपैकी तीन घरांत संगणक नव्हता. आणि घरात आहे म्हणजे आपल्या हाती आहे, असं थोडंच असतं? एका फोनवर दोन भावंडांचे वर्ग एकाच वेळी लागले, तर कुणाचा बुडवायचा हे घराने ठरवायचं. पुष्कळदा तो मोठीचा बुडाला.

विज्ञान शाखेचं नुकसान आणखी वेगळं. टायट्रेशन करताना डाव्या हाताने ब्युरेटची तोटी सांभाळायची, उजव्या हाताने फ्लास्क फिरवायचा आणि फिकट गुलाबी रंग टिकला की त्या थेंबाला थांबायचं. एक थेंब जास्त पडला की रंग गडद होतो आणि रीडिंग वाया जातं. व्हिडिओत तो रंग छान दिसतो. तोटी किती फिरवायची हे बोटांना मात्र चुकत चुकतच कळतं, आणि त्या वर्षी चुकायला प्रयोगशाळाच नव्हती.

परीक्षांतही घरची सोय गृहीतच धरली गेली. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाच्या ऑनलाइन परीक्षा सुरू झाल्या. १२ ऑक्टोबरच्या सकाळी कळवा-पडघा वीजवाहिन्यांमधल्या बिघाडाने मुंबईसह ठाणे परिसर अंधारात गेला. विद्यापीठाने त्या दिवशीच्या परीक्षा पुढे ढकलल्या, हे योग्यच झालं. पण एकाच घरातली वीज किंवा नेट गेलं, तर त्या एकट्या विद्यार्थ्यासाठी वेळापत्रक कोण बदलणार?

घराबाहेर वाचायला जागा लागते, हे या शहरांना फार आधी उमगलं होतं. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. टाळेबंदीत ग्रंथालयांची दारं ऑक्टोबर २०२०च्या मध्यापर्यंत बंद राहिली. लोकल सर्वांसाठी खुली व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडलं. तीही ठरावीक वेळांतच, आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद. राज्यातली महाविद्यालयं २० ऑक्टोबर २०२१ला भरली, तेव्हा दुसऱ्या वर्षाची मुलं आपल्याच महाविद्यालयात वर्गखोली कुठे आहे हे विचारत फिरत होती.

हे सगळं आता उगाळण्याचं कारण आहे. मे २०२१मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र पद्धतीचा आराखडा मांडला. कोणत्याही अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकवावा, असं त्यात सुचवलं होतं. साथीत जे नाइलाजाने केलं, ते कायमचं करायचं तर त्याची किंमत आधी मोजायला हवी. दूरशिक्षण महाराष्ट्राला नवं नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ची. स्वतः वाचून समजतील अशी पुस्तकं तर त्याने तयार केलीच, शिवाय गावोगावी अभ्यासकेंद्रंही ठेवली. घरी बसून शिकणाऱ्यालाही कुठेतरी जाऊन बसावं लागतं, विचारावं लागतं, हे तिथे पहिल्यापासून धरलेलं होतं. ऑनलाइनच्या उत्साहात नेमकं तेच मागे पडतं.

वर्गातले तास कमी होणार असतील, तर ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या आपल्या शाळांच्या खोल्या अभ्यासिका म्हणून उघडाव्यात. तिथे वीज, वाय-फाय, काही संगणक आणि मुलींना रात्री आठपर्यंत निर्धास्त बसता येईल अशी देखरेख हवी. मुंबई विद्यापीठाची ठाण्यातल्या बाळकुमची आणि कल्याणची उपकेंद्रं आसपासच्या महाविद्यालयांतल्या मुलांनाही वापरू द्यावीत, विशेषतः प्रात्यक्षिकांसाठी. हा खर्च ४० टक्क्यांच्या हिशेबात धरायचा की नाही, याचं उत्तर आयोगाने आणि राज्य सरकारने वेळापत्रकं बदलण्याआधी द्यायला हवं.