वाचलेलें कोणाचें?



गेल्या पावसाळ्यांत कांहीं कामानिमित्त बीड तालुक्यांतील लिंबागणेश येथें दोन रात्री राहण्याचा योग आला. बालाघाटच्या डोंगरी मुलुखांतील हें गांव भालचंद्र गणेशाच्या पुरातन देवालयामुळें दूरवर ठाऊक आहे. पहिल्या संध्याकाळीं पावसाची झड लागली. कोणास कोठें जातां येईना. म्हणून ज्या घरीं मी उतरलों होतों, त्या घरच्या ओसरीवर शेजारपाजारची पांचसात माणसें येऊन बसलीं. बोलतां बोलतां एका तरुण शिक्षकानें सुचविलें कीं, हल्लीं आपण कोणतें पुस्तक वाचीत आहों आणि त्यांत आपणांस काय आवडलें, हें प्रत्येकानें सांगावें. ही गोष्ट सर्वांस रुचली.

शिक्षक लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' वाचीत होता. एक मुलगा शेळ्या पाळण्याविषयींचें पुस्तक वाचीत होता. तें सांगतांना तो बिचारा जरासा लाजला. मग माझी पाळी आली. मीं तत्त्वज्ञानावरील एका जाड ग्रंथाचें नांव घेतलें. सर्वांनीं आदरानें माना डोलविल्या. खरें सांगावयाचें तर त्या ग्रंथाचीं पहिलीं वीस पानेंच मीं वाचलीं होतीं, आणि त्यांतील निम्मीं मला समजलीं नव्हतीं.

कोपऱ्यांत घरची म्हातारी भुईमुगाच्या शेंगा फोडीत बसली होती. तिला अक्षरओळख नाहीं. कोणी तरी थट्टेनें म्हणालें, "आजी, तुम्ही काय वाचतां?" सर्वजण हंसले. आजी मात्र हंसली नाहीं. ती म्हणाली, "मला कशाला इचारता, बाबा? तुमी इतकी पुस्तकं वाचली म्हन्ता, त्यातलं माझ्यापत्तूर कवा आलं?"

त्या प्रश्नास ओसरीवर कोणापाशींही उत्तर नव्हतें. त्या रात्रीं मला लवकर झोंप लागली नाहीं. मनुष्य जें वाचतो तें कोणाचें? तें त्याचें एकट्याचें धन आहे, कीं त्यांत शेजाऱ्याचाही कांहीं वांटा आहे? वांटा असेल, तर नुसतें पुस्तकाचें नांव सांगितल्यानें तो पोहोंचतो काय? हाच प्रश्न आज आपणांपुढें ठेवितों.

वाचलेलें आपल्याजवळच ठेवावें असें म्हणणाऱ्यांची बाजू अगदींच लंगडी नाहीं. वाचन हें एकांताचें काम आहे. तें चारचौघांत आणिलें कीं त्यांत मिरविणें शिरतें, हें मीं त्या ओसरीवर स्वतःच दाखवून दिलें. शिवाय उसनें दिलेलें पुस्तक फाटून तरी येतें किंवा येतच नाहीं, हा अनुभव कोणास नाहीं? जुने लेखक पोथी नकलून झाली म्हणजे शेवटीं पोथीच्याच तोंडीं विनंती लिहीत कीं, मला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, सैल बांधणीपासून जपा आणि मूर्खाच्या हातीं देऊं नका. पहिल्या तीन भयांविषयीं कोणी वाद घालणार नाहीं. चौथें भय मात्र विचार करण्याजोगें आहे. मूर्ख कोण, हें ठरवावयाचें कोणीं? ज्याच्या हातीं पोथी आहे त्यानेंच तें ठरविलें, तर पोथी कधींच दुसऱ्याच्या हातीं जावयाची नाहीं.

आपल्या महाराष्ट्रांत असेंही घडलें आहे. महानुभाव पंथाचे ग्रंथ सर्वसामान्यांच्या मराठींत रचलेले. परंतु पुढें त्यांचें पावित्र्य राखण्याकरितां पंथीयांनीं ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. त्यांच्या सावधगिरीमुळें तें धन वांचलें, ही गोष्ट कृतज्ञतेनें मान्य केली पाहिजे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे आदि संशोधकांनीं त्या लिपीची उकल करीपर्यंत, मराठी गद्याचा तो पहिला बहर बाकीच्या मराठी माणसांस कित्येक शतकें जवळजवळ अज्ञात राहिला. राखणें आणि कोंडणें यांतील अंतर फार थोडें असतें.

आतां याच्या उलट एक उदाहरण पाहा. तें आपल्याच बीड जिल्ह्यांतील आहे. आंबेजोगाईस दासोपंत (१५५१–१६१५) म्हणून मोठे ग्रंथकार होऊन गेले. त्यांनीं 'पंचीकरण' हा वेदान्ताचा विषय पोथीच्या पानांवर न लिहितां सुमारें ४० फूट लांब व ४ फूट रुंद अशा कापडावर लिहिला. ती पासोडी आजही प्रसिद्ध आहे. पोथी एकाच्या मांडीवर उघडते. पण असें कापड पसरलें म्हणजे अनेकांस एकदम त्याच्यापुढें बसतां येतें. दासोपंतांचा हेतु काय होता हें मी सांगूं पाहत नाहीं. परंतु तो विस्तार मनांत आणला म्हणजे मला वाटतें कीं, ज्ञानाचें वस्त्र घडी घालून पेटींत ठेवण्याकरितां नसून अंथरण्याकरितां आहे.

आपल्या खेड्यांतही ही रीत जुनी आहे. श्रावणांत पोथी लावीत, तेव्हां एकजण वाची, दुसरा अर्थ सांगे आणि दिव्याच्या उजेडांत सारी आळी ऐके. श्रीधराचे 'हरिविजय' व 'पांडवप्रताप' हे ग्रंथ ज्यांना एक अक्षर वाचतां येत नव्हतें अशा असंख्य माणसांच्या तोंडीं होते ते यामुळेंच. त्यांतील मताशीं आपलें जुळो वा न जुळो, पद्धतीपासून मात्र शिकण्याजोगें पुष्कळ आहे. वाचणारा एक असला, तरी वाचन साऱ्या आळीचें होतें.

आणि ज्यांचीं नांवें आपण आदरानें घेतों, त्यांच्या चरित्रांत काय दिसतें? पंडिता रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, म्हणून त्यांस शास्त्रीमंडळींचा रोष सोसावा लागला. पुढें त्या मातेनें पहांटे उठून आपल्या कन्येस पाठ दिले. वडिलांनीं आपली विद्या आपल्यापाशींच ठेविली असती, तर त्यांस त्रास झाला नसता. पण मग १८५८ सालीं जन्मलेल्या त्या मुलीची विद्या कोठून आली असती? याच रमाबाई आसामांतील सिल्चर येथें राहत असतां, आपल्याच पुस्तकांत त्यांस लूकच्या शुभवर्तमानाची लहानशी बंगाली प्रत सांपडली. ती तेथें कशी आली हें त्यांस ठाऊक नव्हतें. कोणाच्या तरी हातून ती त्या घरीं आली असली पाहिजे. पुढें याच रमाबाईंनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें बायबलाचें सोपें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं, आणि १९२२ सालीं मृत्यु येण्यापूर्वीं तें पुरें केलें.

नारायण वामन टिळकांचीही गोष्ट आपणांस माहीत आहे. १८९३ सालीं ते नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात होते. डब्यांतील एका अपरिचित युरोपियन प्रवाशाशीं बोलणें निघालें आणि उतरण्यापूर्वीं त्यानें टिळकांस नव्या कराराची प्रत दिली. टिळकांनीं ती वाचण्याचें वचन दिलें आणि तें पाळलें. पुढें काय झालें तें सांगणें नको. आज मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, त्या प्रवाशानें प्रथम संभाषण केलें आणि मग पुस्तक दिलें. समोरचा मनुष्य कोण, त्याच्या मनांत काय आहे, हें त्यानें आधीं ऐकून घेतलें.

यावरून मला असें वाटूं लागलें आहे कीं, वाचलेलें हें आपलें धन नसून आपल्याजवळ आलेली ठेव आहे. आपणांस वाचतां येतें हें आपल्या एकट्याच्या कर्तबगारीनें नव्हे. कोणी तरी पाटी घेऊन दिली, कोणी तरी आपल्या वांट्याचें गुरें राखण्याचें काम केलें, तेव्हां आपण शाळेंत बसलों. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता व राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. खेड्यांतील मुलीस मराठी शाळा मिळणें दुर्मिळच होतें. म्हातारीला वाचतां येत नाहीं, हा तिचा दोष म्हणावा काय? आजही या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊस तोडण्यास बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतात. नवराबायको मिळून एक कोयता गणला जातो. पहांटेपासून फडांत राबून रात्रीं कोपींत परतलेल्या बाईस 'तूं हल्लीं काय वाचतेस?' असें विचारणें ही क्रूर थट्टा होईल. तिला कांहीं वाचून दाखविणें ही मात्र थट्टा नव्हे.

म्हणून तीन गोष्टी मीं स्वतःशीं ठरविल्या आहेत. पहिली ही कीं, जें वाचलें नाहीं त्याचें नांव घ्यावयाचें नाहीं. शेळ्यांच्या पुस्तकाचा तो लाजरा मुलगा त्या रात्रीं माझ्याहून अधिक प्रामाणिक होता. दुसरी ही कीं, पुस्तकाचें नांव सांगून थांबावयाचें नाहीं. एक पान तरी वाचून दाखवावयाचें, आणि जें आपणांस समजलें नाहीं तेंही सांगावयाचें. तिसरी, आणि सर्वांत अवघड, ही कीं, ऐकणाऱ्यास बोलूं द्यावयाचें. ठेव परत करणारा मनुष्य उपकार करीत नसतो. त्यानें घेणाऱ्यापुढें नम्रच असलें पाहिजे.

ही तिसरी गोष्ट मला दुसऱ्या संध्याकाळीं कळली. शिक्षकानें 'स्मृतिचित्रें' आणिलें आणि आजीच्या शेजारीं बसून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या विलक्षण सोंवळ्याची हकीकत वाचली. आम्ही पोट धरधरून हंसलों. आजी शेंगा फोडतां फोडतां थांबली आणि म्हणाली, "हसू नगा. त्या मान्साच्या मनात कायतरी भ्या बसलं असंल."

शिक्षकानें मागचीं पानें उलटलीं. तेथें तें कारण लिहिलेलें होतेंच: १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या घरांतील एका वडीलधाऱ्या पुरुषास फांशी झाली होती, आणि त्या धक्क्यानंतर त्यांचें सोंवळें वेडाच्या थरास गेलें. आम्हीं तीं पानें वाचलीं होतीं, पण तीं आमच्या लक्षांत राहिलीं नव्हतीं. आम्हीं विनोद तेवढा घेतला. तिनें न वाचतां त्या माणसाचें दुःख ओळखलें.

बंधुभगिनींनो, आज रात्रीं आपल्या हातीं जें पुस्तक असेल त्याचें एक पान घरांतील ज्यास वाचतां येत नाहीं त्यास वाचून दाखवा आणि मग थोडा वेळ गप्प बसा. तो काय म्हणतो तें ऐका. तें पान आपणांसही अद्याप वाचावयाचें राहिलें आहे, असें कदाचित् कळून येईल.