पोलादाचे वजन

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मी पिस्तूल विकत घेतले. शेजाऱ्यांना ठाऊक नाही, गावाकडच्या भावाला ठाऊक नाही. तुमच्या अंकाच्या वाचकांना सांगतो आहे, कारण अडीचशे-तीनशे मैलांवरच्या माणसांशी मोकळे बोलणे मला नेहमीच सोपे गेले आहे.

२०२३च्या मे महिन्यातील दुपार होती. भोपाळचा उन्हाळा, कूलरची घरघर. जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र पसरून मी ते पेटीतून बाहेर काढले. पहिली जाणीव झाली ती गारव्याची. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हातून घरी आणलेली वस्तू, तरी हाताला गार लागली. दुसरी जाणीव वासाची. शिवणयंत्राला घालतात त्या तेलासारखा, पण त्याहून उग्र असा वास बोटांना दोन दिवस राहिला. आणि तिसरी वजनाची. दुकानदाराने ‘फुल साइज, ऑल स्टील’ असे म्हणून ते माझ्या तळहातावर ठेवले होते, तेव्हा हात नकळत दोन बोटे खाली गेला होता.

चौथी गोष्ट सांगायला जड जाते. मला ते आवडले. मूठ पंजात अशी बसली, की जणू कुणी माझ्या हाताचे माप घेऊन गेले होते. स्लाइड मागे ओढून सोडली की होणारा तो खटका ऐकण्यासाठी मी रिकामे पिस्तूल चार-पाच वेळा उगाच ओढले. रावेरला आमच्या लहानपणी दिवाळीत टिकल्यांचे पत्र्याचे पिस्तूल मिळे, तो आनंद या आनंदाचा सख्खा भाऊ होता. फरक एवढाच, की ते पिस्तूल दिवसातून शंभरदा वाजावे म्हणून घ्यायचे आणि हे कधीच वाजू नये म्हणून. कधीच वाजू नये अशी इच्छा असलेल्या वस्तूवर माणूस स्कूटरच्या किमतीएवढे पैसे का घालतो, हा प्रश्न त्या दुपारी मला पडला नाही. तो नंतर पडला आणि अजून गेलेला नाही.

पिस्तुलाचे नाव ‘अशनि’. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीत ते बनते. बोअर ०.३२. नऊ मिलिमीटरचे पिस्तूल आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला मिळत नाही, म्हणून बहुतेकांची धाव या बोअरपर्यंत. ही गोळी अमेरिकन कारागीर जॉन ब्राउनिंग याने एकोणिसावे शतक सरता सरता रचली. अशनि म्हणजे वज्र, इंद्राचे शस्त्र. नाव ठेवणाऱ्याला संस्कृत येत होते यात शंका नाही. दुकानात ‘निर्भीक’ही दाखवले होते. दिल्लीच्या त्या दुर्दैवी मुलीची आठवण म्हणून २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने काढलेले टायटॅनियमचे रिव्हॉल्व्हर, वजन अर्धा किलो. ते मी घेतले नाही. इतक्या हलक्या वस्तूने माणूस मरू शकतो हे मनाला रुचले नाही. हत्यार जड असावे, उचलताना हाताला कळावे की आपण काय उचलतो आहोत, असे मी दुकानदाराला मोठ्या तत्त्वज्ञाच्या थाटात सांगितले. तो हसला. पंधरा दिवसांत मला त्याच्या हसण्याचा अर्थ कळला. हात वजनाला सरावतो. जूनच्या मध्यापर्यंत ते मला चष्म्याच्या घराइतके हलके वाटू लागले होते.

घेण्याचे कारण साधे होते. आमच्या कॉलनीत दोन घरफोड्या झाल्या, मुलगा पुण्यात, आणि आम्ही दोघेच. परवान्यासाठी पोलिसांची चौकशी, वैद्यकीय दाखला, हत्यार सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण हे सारे २०१६च्या नियमांप्रमाणे रीतसर पार पडले. जळगाव जिल्ह्यातल्या वाचकांना हा सोपस्कार ऐकून हसू येईल. चोपड्याच्या पलीकडे, सीमेवरच्या उमर्टीत, गावठी कट्टा कसा बनतो आणि कसा इकडे उतरतो, हे वर्षातून दोन-चार वेळा तुमच्या वर्तमानपत्रांत येतच असते. ज्या शिकलगारांचा पिढीजात धंदा शस्त्रांना धार लावण्याचा आणि झिलई करण्याचा, त्यांच्यातल्याच काहींना आज गुन्हेगार म्हणून हुडकले जाते. माझ्याकडे कागद आहे, कट्टेवाल्याकडे नाही. कायद्याच्या दृष्टीने हा फरक जमीन-अस्मानाचा. पण गोळी जिथे लागेल तिथे या कागदाचा उपयोग काय, हे मला सांगता येत नाही.

प्रशिक्षकाने पहिला धडा दिला तो असा, की जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळी कधीही वळवू नये. कागदाच्या लक्ष्यावर मी पंचवीस-तीस गोळ्या झाडल्या. तिथे एक वेगळेच सुख असते, एकाग्रतेचे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलातच सुवर्णपदक मिळवले, तेव्हा आपल्या सर्वांचा ऊर भरून आला होता, आणि तो योग्यच होता. पण त्या कागदाला आई नसते. घरासाठी घेतलेल्या पिस्तुलाचे लक्ष्य मात्र कुठेतरी जन्मलेले, वाढलेले, आज रात्री कुठेतरी जेवायला बसलेले असते. त्याचा चेहरा मला माहीत नाही, आणि तरी त्याच्याविषयीचा एक निर्णय मी आधीच घेऊन कपाटात कुलूपबंद केला आहे. माझी अडचण ही आहे.

जुलै महिन्यात एका रात्री साडेअकराला घंटी वाजली. मी आधी कपाटाकडे गेलो आणि मग दाराकडे. बाहेर कॉलनीचा चौकीदार. माझ्या गाडीचे दिवे चालू राहिले आहेत, बॅटरी उतरेल, एवढेच सांगायला पावसात आलेला. मी दार अर्धवट उघडून उजवा हात पाठीमागे धरून त्याच्याशी बोललो. त्याची नजर माझ्या खांद्यापासून कोपरापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. तो काही बोलला नाही. ‘जी साब’ म्हणून गेला. त्या दिवसापासून तो सकाळी नमस्कार करतो, पण थांबत नाही. पूर्वी थांबायचा, मुलीच्या शाळेचे सांगायचा.

कायद्याने मला पुष्कळ दिलेले आहे. १८६०च्या दंडसंहितेतील ९६ ते १०६ ही कलमे खाजगी बचावाच्या हक्काची होती, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत तोच हक्क ३४ ते ४४ या कलमांत आला आहे. रात्री घर फोडून शिरणाऱ्याविरुद्ध तो हक्क प्रसंगी जीव घेण्यापर्यंत पोचतो. पण त्याच कायद्यात असेही आहे, की बचावासाठी लागेल त्याहून अधिक इजा करण्याचा हक्क कुणालाच नाही. किती माप लागेल हे कोण मोजणार? अंधारात, झोपेतून उठलेला, चष्मा न लावलेला, मधुमेही माणूस. मी पस्तीस वर्षे बँकेत नोटा मोजल्या, त्याही दोनदा मोजायचो.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक कबुली देतो. एका शाखेत आमच्या दाराशी एक गार्ड बसे. फौजेतून निवृत्त झालेला, हातात बारा बोअरची दुनळी. मी स्वतःला अहिंसक समजत असे. मांसाहार नाही, मुलावर कधी हात उगारला नाही. एका दुपारी बंदूक पुसता पुसता त्याने मला विचारले, “साहब, अगर कभी चलानी पड़ी, तो मुकदमा मुझ पर होगा या बैंक पर?” मी हसून म्हणालो, “वेळ येईल तेव्हा बघू.” आज तो प्रश्न आठवला की लाज वाटते. ती बंदूक त्याची नव्हती, आमची होती. तिजोरी आमची, भीती आमची, आणि पाप मात्र महिन्याच्या पगारावर त्याच्या खांद्यावर ठेवलेले. माझी अहिंसा भाड्याच्या हातांवर उभी होती. त्या हिशेबाने पिस्तूल स्वतः विकत घेणे हे अधिक प्रामाणिक ठरते, असे मी पुष्कळ दिवस स्वतःला पटवले. अजूनही त्यात तथ्य आहे असे मला वाटते.

पिस्तूल घेतल्याचे ज्या दोन-तीन स्नेह्यांना सांगितले, त्यांतल्या एकाने लगेच गांधींचा दाखला दिला. भ्याडपणा आणि हिंसा यांतूनच निवड करायची असेल तर मी हिंसेचा सल्ला देईन, असे गांधींनी ऑगस्ट १९२०मध्ये ‘यंग इंडिया’त लिहिले होते, हे खरे आहे. पण त्याच लेखात अहिंसा हिंसेहून अनंतपटीने श्रेष्ठ असल्याचेही ते सांगतात, ते कुणी ऐकवत नाही. शिवाय गांधींचे नाव आणि पिस्तूल एका वाक्यात आले की मला दुसरेच आठवते. ३० जानेवारी १९४८ रोजी नथुराम गोडसेने ज्या पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या ते इटालियन बेरेटा होते, १९३४च्या घडणीचे, पोलादी. ते त्याने दोनच दिवस आधी ग्वाल्हेरात मिळवले होते. ग्वाल्हेर भोपाळहून रेल्वेने पाच-सहा तासांवर. मिळवणारा माझी भाषा बोलणारा, मिळवून देण्यात हात असल्याचा आरोप ज्यांच्यावर झाला ते डॉक्टरही माझीच भाषा बोलणारे. डॉक्टर पुढे उच्च न्यायालयातून सुटले, हेही सांगितले पाहिजे. मला अस्वस्थ करते ते वेगळे. इटलीत ज्या कामगाराने ती नळी घासली, त्याने तिच्या शेवटाची कल्पना केली असेल का? पोलाद गंजू दिले नाही तर शंभर वर्षे टिकते. मी तेवढा टिकणार नाही. माझ्या हेतूचा दाखला देणारा कागद माझ्याबरोबर संपेल, आणि पिस्तूल कुणाच्या तरी हातात जाईल. मुलाला विचारले. तो फोनवर म्हणाला, “बाबा, मला नको.” थोडे थांबून म्हणाला, “पण विकूही नका एवढ्यात.” त्या ‘पण’चा अर्थ मी विचारला नाही. मलाही तो ‘पण’ ओळखीचा आहे.

जुन्या शहरातले एक उर्दूचे निवृत्त शिक्षक माझे मित्र आहेत. २ डिसेंबर १९८४च्या रात्री ते काझी कॅम्पमध्ये होते. घरातली दोन माणसे त्यांनी गमावली. पिस्तूल पाहून ते एवढेच म्हणाले, “मियाँ, उस रात जो आया था, वो दरवाज़े से कहाँ आया था?” ज्यांच्या कारखान्यातून तो वायू आला त्यांच्यापैकी सात जणांना ७ जून २०१० रोजी दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली आणि त्याच दिवशी जामीनही मिळाला. भोपाळमध्ये राहून घरात शिरणाऱ्या चोराची भीती बाळगणे हे थोडे विनोदीच आहे.

ऑक्टोबर २०२३मध्ये विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करण्याचा हुकूम आला. मी पिस्तूल नेऊन दिले, पावती घेतली. परत येताना रिक्षात चक्क हलके वाटत होते, आणि त्याबद्दल स्वतःचा थोडा रागही आला. दिवाळी त्या वर्षी १२ नोव्हेंबरला होती. पाडव्यानंतरच्या एका रात्री दोन वाजता घंटी वाजली. मी उठलो, दार उघडले. दोन घरे पलीकडची सून, अनवाणी, तिच्या सासऱ्यांना श्वास लागला होता. मी गाडी काढली, आम्ही वेळेत पोचलो, म्हातारा वाचला. रुग्णालयाच्या बाकावर पहाटेचा चहा पिताना माझ्या ध्यानात आले, की ‘कोण आहे’ असे विचारल्याशिवायच मी दार उघडले होते. कपाटाकडे वळायचे कारणच नव्हते. पिस्तूल घरी असते तर मी किती वेळ लावला असता? अर्धा मिनिट? एक मिनिट? अर्ध्या मिनिटाने काही बिघडले नसते, असे ही म्हणते. ते बरोबर असेल. पण ती मुलगी माझा पाठीमागचा हात बघून परत फिरली असती तर, हे मी हिला बोललो नाही.

निकालानंतर, डिसेंबरात, पिस्तूल परत मिळाले. लोकसभेच्या वेळी, २०२४च्या मार्चमध्ये, पुन्हा जमा केले, पुन्हा आणले.

२०२४च्या खंडेनवमीला हिने पाटावर सुरी, अडकित्ता, शिवणयंत्राची बॉबिन, माझे फाउंटन पेन आणि नातवाचा जुना लॅपटॉप मांडला. मी विचारले, “ते पण ठेवू का?”

“या सगळ्यांनी वर्षभर काम केलंय,” ती हळद-कुंकू कालवत म्हणाली. “त्यानं काय केलं?”

“काही केलं नाही हेच बरं ना?”

“मग पूजा कशाला करता? नवस बोला, की पुढंही करू नकोस म्हणून.”

मी ठेवले नाही. संध्याकाळी मात्र दार लावून त्याला तेल दिले, कारण ओलाव्याने पोलाद खराब होते. माझा परवाना २०२८पर्यंत आहे. मध्यंतरी दुकानदाराकडे सहज चौकशी केली, की परत घेतोस का. तो म्हणाला, “घेतो की. पण सोच लीजिए साब, लाइसेंस एक बार छोड़ दिया तो दोबारा बनता नहीं.” मी त्याला सोमवारी सांगतो म्हणालो होतो. त्यानंतर पुष्कळ सोमवार गेले.