व्याज : वाढीतला वाटा की दुःखातला?



मृग जवळ आला की आपल्या केनवड परिसरात घरोघरी एकच हिशेब सुरू होतो. सोयाबीनचे बियाणे, खत, फवारणी. पैसा आणायचा कुठून? बँकेतून, सोसायटीतून की हातउसना? या हिशेबात एक प्रश्न दडलेला असतो. दुसऱ्याला दिलेल्या पैशावर व्याज घेणे योग्य की अयोग्य?

पवित्र शास्त्र उघडले तर मन गोंधळते. मोशेच्या नियमशास्त्रात गरीब बांधवाकडून व्याज घेण्याची मनाई आहे. उलट मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखल्यात, धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला धनी विचारतो की, निदान सावकाराकडे ठेवून व्याज तरी का मिळवले नाहीस? मग खरे काय?

उत्तर आपल्या शेतात सापडते. आपले वाडवडील सवाईने बियाणे आणत. पेरणीला एक पोते न्यायचे, सुगीला सव्वा पोते परत करायचे. दाणा मातीत पडला, त्याचे कणीस झाले. त्या वाढीतला थोडा वाटा देणाऱ्याला गेला तर त्यात अन्याय दिसत नाही. पण पाऊस दडी मारतो तेव्हा? वाढ झालीच नाही, तरी सव्वा पोते द्यावेच लागते. शिवाय पाच-सहा महिन्यांत पाव हिस्सा म्हणजे वर्षाला जवळजवळ निम्मे, हेही लक्षात येत नाही.

आणि कर्ज बियाण्यासाठी नसून दवाखान्यासाठी असेल तर? आजारपणाला कणीस फुटत नाही. तिथे घेतलेले व्याज वाढीतला वाटा नसतो, दुःखातला वाटा असतो. शास्त्राची मनाई आहे ती याला.

आकडे बघा. शेकडा तीन हा दर ऐकायला लहान वाटतो. पण तो महिन्याचा असतो. १०,००० रुपयांवर वर्षाला ३,६०० रुपये होतात. व्याजावर व्याज धरले तर ४,२०० च्या पुढे. पीककर्जाचा दर ३ लाखांपर्यंत ७ टक्के, म्हणजे वर्षाला ७०० रुपये. वेळेवर फेडल्यास केंद्राच्या सवलतीने ४ टक्के. त्यावर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनाही आहे. म्हणून कागदपत्रांचा कंटाळा फार महाग पडतो.

बँकांचे दर तरी वरखाली का होतात? चुलीवर दूध उतू जाऊ लागले की आई सरपण मागे ओढते. जाळ मंदावला की पुढे सारते. महागाई उतू जाऊ लागली की रिझर्व्ह बँक तेच करते. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५० वर नेला. २०२५ मध्ये तो पुन्हा उतरवला. दर चढला की कर्जे महागतात, खरेदी मंदावते, भाव आवरतात. पण जाळ ओढला की शेजारच्या तव्यावरची भाकरी कच्ची राहते. दूध वाचवताना कुणाची तरी भाकरी अडते, याचा विसर पडू नये.

ख्रिस्तसभेलाही हा विवेक हळूहळू उमगला. अनेक शतके तिने व्याज निषिद्ध मानले. पण नुसत्या मनाईने गरिबाची नड भागत नव्हती. १४६२ साली इटलीत पेरूजा येथे फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या प्रयत्नाने गरिबांना तारणावर अल्प दराने कर्ज देणारी पेढी निघाली. अशा पेढ्यांनी कामकाजाच्या खर्चापुरते व्याज घेण्यास १५१५ साली लॅटरन परिषदेने मान्यता दिली. आपल्याकडचा दामदुपटीचा जुना नियमही हेच सांगे : व्याज कितीही साठले तरी एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त मागायचे नाही. देणाऱ्याच्या हावेला कुठेतरी कुंपण हवेच.

आज आपल्यातील काही देणारे आहेत, काही घेणारे. बचत गटात तर आपण एकाच वेळी दोन्ही असतो. म्हणून या आठवड्यात स्वतःला विचारू या :

मी दिलेला पैसा समोरच्याच्या शेतात वाढतो आहे की त्याच्या जखमेवर?

मी घेतलेले कर्ज पेरणीचे आहे की लग्नातल्या मानपानाचे?

फेडण्याची ऐपत असूनही मी चालढकल करतो का? कारण गटातला तो पैसा माझ्यासारख्याच कुणाचा तरी घाम आहे.

शेजारीण विरजण मागायला येते तेव्हा आपण वाटीभर दह्याचा हिशेब ठेवत नाही. सगळा व्यवहार विरजणासारखा होणार नाही, हे खरे. पण नडलेला माणूस दारात उभा असेल, तेव्हा वही काढण्याआधी ती वाटी आठवावी.