दंडाचा तक्ता शेवटी भर

चि. अद्वैत,


तुझ्या व्हिडिओ गेमचं टिपण वाचलं. गुन्ह्यांचा तक्ता नीटनेटका आहे: खिसा कापला तर इतका दंड, मारहाणीला इतका, खुनाला इतका. पण तो तूर्त बाजूला ठेव. तो भरायचा असतो सगळ्यात शेवटी.

‘स्कायरिम’मध्येही (2011) असाच तक्ता आहे. मारहाणीला 40 नाणी, खुनाला 1000. खेळ मला अजूनही आवडतो, पण तिथला दंड म्हणजे निव्वळ टोल. खेळ मध्यावर येईतो गाठीशी इतका पैसा साठतो की हजार नाणी पहारेकऱ्याच्या हातावर ठेवून माणूस चालू लागतो. शिवाय दंड त्या त्या परगण्यापुरताच. शेवटचा साक्षीदार मेला की तोही पुसला जातो, म्हणजे एक खून लपवायला दुसरा करणं हाच शहाणपणा! दुकानदाराच्या डोक्यावर बादली पालथी घालून दुकान साफ करायची युक्ती तर जगभर गाजली. त्याला दिसलं नाही, म्हणजे चोरी झालीच नाही.

म्हणून आधी एवढंच ठरव, की तुझ्या गावातल्या माणसांना काय कळतं आणि ते कुणाकडून. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’मध्ये (2018) साक्षीदार शेरीफला सांगायला पळतो. त्याला वाटेत गाठून धमकावता येतं. गुन्हा आणि शिक्षा यांच्यामधला हा वेळ हाच खरा खेळ. ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स 2’ (2025) आणखी पुढे जातो. 1403 सालच्या बोहेमियातल्या त्या गावांत चोरी करताना कुणी पाहिलं नसलं, तरी त्या घराजवळ तू घुटमळत होतास हे लोकांच्या लक्षात राहतं आणि संशय तुझ्यावर येतो.

आपल्याकडची एक जुनी रीतही बघून ठेव. मराठेशाहीत चोरी झाली की गावचे जागले पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जात. माग पुढच्या गावात शिरला की जबाबदारी त्या गावाची. तो जिथे हरवे, त्या गावाला नुकसान भरून द्यावं लागे. चोराला पकडायला अख्खं गाव का धावतं, याचं उत्तर त्यातच आलं. तुझे गावकरी तलवार उपसून धावतात, पण का, ते त्यांनाही ठाऊक नाही.

आता शिक्षा. तुझा खरा प्रतिस्पर्धी पहारेकरी नाही, जुनी सेव्ह फाइल आहे. शिक्षा कंटाळवाणी वाटली की खेळणारा ती फाइल उघडतो आणि तुझी सगळी न्यायव्यवस्था एका बटणात रद्द. ‘किंगडम कम’च्या पहिल्या भागाने वाटेल तिथे सेव्ह करायला एक दारूची बाटली खर्ची घालायला लावली. लोकांनी बोटं मोडली. माझ्या मते तो उपाय धीट होता, पण मुळावरचा नव्हता. मुळावरचा उपाय म्हणजे पकडलं जाणंही खेळावंसं वाटलं पाहिजे. दुसऱ्या भागात खोड्यात अडकवतात, छड्या मारतात, डाग देतात, फाशीही देतात. भर चौकात खोड्यात उभं राहिल्यावर गावाला तुझा चेहरा ओळखीचा होतो.

तुझ्या खेळात जामीन आण. नायक पकडला गेला की ओळखीचं कुणीतरी, समज तो लोहार, हमी घेईल. नायक पळाला तर लोहाराची भट्टी जप्त. अशा वेळी फाइल उघडायचा मोह कमी होईल, कारण पुढे काय होतं ते बघायचं असेल.

हात चुकून बटणावर पडला म्हणून कुणाचा जीव घेऊ नकोस. ‘गॉथिक’मधले (2001) लोक मारामारीत आडवं पाडतात, खिशातलं खनिज (तिथलं चलन) काढून घेतात आणि सोडून देतात. पहिल्या चुकीला एवढं पुरे. तुरुंगात नुसता काळा पडदा आणि ‘सात दिवस उलटले’ एवढंच लिहू नकोस. त्या सात दिवसांत गावात काहीतरी घडू दे.

आधी एकच गाव कर. एक दुकान, एक पहारेकरी, आठदहा माणसं. कोण कुणाशी बोलतं, त्याचा नकाशा आधी कागदावर काढ. चालतं झालं की पाठव. मी सगळ्यात आधी पाटलाची कोंबडी चोरीन.

तुझी,
मावशी