गळालेली अट

परभणीच्या कृषी विद्यापीठाचे संशोधन आता व्हॉट्सॲपवरून आमच्या साखऱ्याच्या पारावर क्षणात येते, ही आनंदाचीच गोष्ट. पण वाटेत काय होते पाहा! विद्यापीठ सांगते, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच सोयाबीन पेरा. हातोहात फिरताना अट गळते. उरते एवढेच, ‘पाऊस झाला, पेरा!’ मग पाऊस ओढ देतो, अंकुर करपतात आणि गरिबाच्या कपाळी दुबार पेरणी येते.

दोष कोणाचा? संशोधक म्हणेल, मी तर पुरते सांगितले होते. परंतु नुसते सांगितल्याने विद्वानाचे ऋण फिटत नाही, असे मला वाटते. लोकांना काय समजले, हेही त्याने विचारावे. आणि आपणही, वाचकहो, निरोप पुढे धाडताना त्यातली अट गाळू नये. ज्ञानाचा प्रामाणिकपणा त्या अटीतच असतो.