गांवाच्या नांवावरचा डाग

इटलींतील गार्दा सरोवराच्या पश्चिम तीरावर सालो नांवाचें टुमदार गांव आहे. १४५३ सालीं आरंभिलेलें त्याचें मुख्य चर्च अद्याप उभें आहे. १९०१ च्या भूकंपानंतर पाण्याच्या कांठानें काढलेला रुंद रस्ता तर प्रवाशांचें विशेष आकर्षण होय. व्हायोलिनच्या आद्य कारागिरांपैकीं गास्पारो येथेंच १५४० त जन्मला.

परंतु जगास हें नांव ठाऊक आहे तें निराळ्याच कारणानें. सप्टेंबर १९४३ मध्यें जर्मनांच्या संगिनींआड मुसोलिनीनें जें राज्य थाटलें आणि ज्याच्या पोलिसांनीं ज्यू लोकांस पकडून जर्मनांच्या हवालीं केलें, त्यास लोक सालोचें प्रजासत्ताक म्हणतात. वस्तुतः मुसोलिनी राहात असे जवळच्या गार्न्यानोस, खातींही चोहोंकडे विखुरलेलीं. सालोहून निघणाऱ्या सरकारी बातम्यांच्या शिरीं गांवाचें नांव असे, एवढेंच काय तें निमित्त! हा डाग गांवानें वाहावा हा न्याय आम्हांस मान्य नाहीं.

मुसोलिनीस १९२४ त दिलेल्या सन्माननीय नागरिकत्वाची गोष्ट मात्र वेगळी. तें गांवाच्या नांवानें दिलेलें, तेव्हां परत घेणेंही गांवाच्याच हातीं होतें. पूर्वीं एकदां फेटाळला गेलेला तो प्रस्ताव फेब्रुवारी २०२५ मध्यें नगरसभेनें संमत केला. मेलेल्या माणसाचा मान काढून काय साधलें, इतिहास का असा पुसतां येतो, असा आक्षेप निघतो. आमच्या मतें येथें पुसलें कांहींच गेलें नाहीं. १९२४ चा मान दिल्याची गोष्ट इतिहासांत आहे तशीच आहे. तिच्याखालीं, शंभर वर्षांनीं कां होईना, गांवानें आपलें म्हणणें लिहिलें आहे.