आक्कांची कणीक

लोणंदच्या कांदा बाजारात तात्या मापाडी होते. हळव्या कांद्याचा हंगाम भरात आला की पहाटेपासून टेम्पो, ट्रॅक्टर लागायचे. लिलाव उरकले की वकलीमागून वक्कल काट्यावर चढायची, तात्या वजन पुकारायचे आणि त्या आकड्यावर शेतकऱ्याची पट्टी निघायची. बघणाऱ्याला हे काम सोपं वाटतं. पण ज्याचा कांदा असतो तो माणूस काट्यावरची नजर हलवत नाही, कारण त्याची सगळ्या हंगामाची मेहनत त्या आकड्यात असते. तात्या हे जाणून होते. हमालाने गोणी टेकवून हात काढेपर्यंत ते थांबत, आकडा स्थिरावला की मगच तोंड उघडत. मागून दिवाणजी कितीही ओरडला तरी थांबत. त्यांच्या मापावरून बाजारात कधी बोलाचाली झाली नाही.

असा दिवस किलोकिलोने राखायचा आणि संध्याकाळी आंघोळ करून विठ्ठलाच्या देवळात मृदंगावर बसायचं, हा त्यांचा क्रम होता. रविवारी दुपारी तालमीच्या खोलीत कॅरम. बोटांना बोरिक पावडर लावून तासन् तास बसायचे. राणी घेतली आणि कव्हर हुकलं तर खोलीभर आरडाओरडा व्हायचा, त्यात तात्यांचा आवाज सगळ्यात मोठा. पैसे लावून खेळणाऱ्याला त्या खोलीत जागा नव्हती. हरलेल्याने चहा सांगायचा, एवढंच.

मृदंग ते कुठल्या गुरूच्या घरी राहून शिकले नव्हते. आरफळच्या हैबतबाबांनी ज्या सोहळ्याला शिस्त लावून दिली, ती माउलींची पालखी दरवर्षी आषाढवारीत नीरास्नान करून लोणंदला मुक्कामी येते. गावभर दिंड्यांचे तंबू पडतात. लहानपणी तात्या एका दिंडीला पाणी भरायचे. त्या दिंडीतल्या म्हाताऱ्या मृदंगवाल्याने या पोराची बोटं हंड्यावर वाजताना पाहिली आणि त्याला जवळ बसवून भजनी ठेका दिला. पालखी चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणाकडे निघाली की शाळा बंद, ती पुढच्या आषाढापर्यंत. मधलं वर्षभर हे पोर तेलाच्या डब्यावर तोच ठेका घोटत राहायचं. अशा चार-दोन दिवसांच्या शाळेवर त्यांचा हात तयार झाला. म्हणून त्यांच्या वाजवण्यात तोऱ्याचं काही नव्हतं. अभंग पुढे आणि मृदंग त्याच्या मागे, हेच त्यांना ठाऊक.

या संध्याकाळच्या भजनात गावातल्या आक्कांचा वाटा कणकेचा.

मृदंगाच्या एका पुडीवर शाई कायमची असते. दुसरी पुडी, धुमाची, कोरी असते. तिच्यावर वाजवण्याआधी भिजवलेली कणीक थापावी लागते, त्याशिवाय तिला खर्ज येत नाही. आक्का पितळेच्या वाटीत, ओल्या फडक्याखाली गोळा घेऊन यायच्या. तात्या मृदंग मांडीवर घेऊन धुमावर आधी पाण्याचा हात फिरवत, मग गोळा मधोमध चेपून अंगठ्याने कडेकडे पसरत. कमी पडली तर थाप कोरडी येते, जास्त झाली तर आवाज बसतो. थाप मारायची, कान द्यायचा, चिमूटभर काढायची, पुन्हा थाप मारायची. मग शाईच्या बाजूला हातोडीने गठ्ठे ठोकत पेटीच्या काळी दोनला सूर मिळवायचा. हे चालू असताना देवळात कुणी बोलत नसे. भजन संपलं की कणीक खरवडून काढायची. तशीच राहिली तर ती वाळून पुडीला ओढते आणि रात्री उंदीर येतात ते वेगळंच. म्हणजे मृदंगाचा अर्धा आवाज रोज नव्याने लावायचा आणि रोज पुसून टाकायचा. मला या वाद्याची ही गोष्ट फार मोलाची वाटते. कालची कणीक आज चालत नाही.

आक्कांना गाता येत नव्हतं, सुराचं ज्ञान नव्हतं. गुडघ्यांनी पायी वारी सोडायला लावली होती. घरचे चार गहू जात्यावर दळायचे दिवसही गेले होते. पण गिरणीच्या पिठातून आधी मूठभर पीठ देवळासाठी बाजूला निघायचं. मीठ नाही, तेल नाही, पाणी बेताचं. भजनभर त्या खांबाला टेकून बसायच्या आणि शेवटी खरवडलेली कणीक वाटीत घेऊन दारच्या गाईला घालायच्या.

एका वर्षी शेजारच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह होता. मोठे कीर्तनकार यायचे होते आणि ऐन वेळी त्यांचा मृदंगवाला तापाने झोपला. कुणीतरी तात्यांचं नाव सुचवलं. तात्या गेले, घाबरत बसले, पण उभं कीर्तन त्यांनी असं सांभाळलं की बुवांनी शेवटी स्वतःच्या गळ्यातला हार काढून त्यांच्या गळ्यात घातला. निघताना आयोजकांनी पाकीट दिलं. तात्यांनी घरी येऊन ते उघडलं, तर आत बाजारातल्या कितीतरी दिवसांची तोलाई.

मुलगी त्या वर्षी नर्सिंगला गेली होती. तिच्या फीची काळजी घरात रोज जेवायला बसत होती. तेव्हा तात्यांनी पुढची बोलावणी घेतली यात मला काहीच गैर दिसत नाही. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून तिथे शिकलेल्यांच्या पिढ्या कीर्तन-मृदंगावर संसार करत आल्या आहेत आणि संप्रदायही त्यांनी वाढवला आहे. कष्टाची विद्या आहे, तिचं मोल मिळावं. पाकिटातून लेकीची फी गेली याचा आनंद त्या घरात सणासारखा झाला आणि तो रास्तच होता.

बिघडलं ते दुसरंच. सप्ताहाच्या फ्लेक्सवर तात्यांचा फोटो आला, नावामागे ‘मृदंगाचार्य’ लागलं. नटबोल्टचा नवा मृदंग आला. पाना फिरवला की सूर तयार. मांडवात कणीक आयती यायची, कुणी मळली ते कळायचंही कारण नव्हतं. कॅरम सुटला, कारण रविवारी हमखास कार्यक्रम असायचा. गावातल्या भजनाला तात्या मोकळे असले तर यायचे. आणि आले की डोक्यात वेगळं काही चालायचं. आज फलटणचं बोलावणं नाकारलं, म्हणजे एवढे गेले. हा अभंग लांबला, उद्या पहाटे बाजार आहे. पेटीवाल्याचा हात बरोबर पडत नाही, याच्याबरोबर बसून आपला हात बिघडेल. मोजणं जिथे हवं तिथे काटेकोरच हवं, पण तात्यांच्या बाबतीत ते काट्यावरून उठून देवळात येऊन बसलं.

तुकोबांचं घराणं दुकानदारीचं होतं. हिशेब त्यांना कळत नव्हता असं कोण म्हणेल? पण घरच्या सावकारीतली आपल्या वाट्याची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. अरणचे सावता महाराज मळ्यातलं काम सोडून कुठे गेले नाहीत. पोटाचा धंदा आणि देव यांचं वैर या संतांनी कधी मांडलं नाही. मात्र देवापुढे बसताना खतावणी उघडी ठेवून बसले नाहीत.

एका एकादशीला तात्या भजनाला आले. कार्यक्रमांत हाताला लागलेली सवय इथेही सुटेना. सोपा अभंग, सगळ्या टाळकऱ्यांच्या तोंडी असलेला, पण तात्या दुसऱ्याच चरणाला दुनीत गेले आणि मग लग्ग्यांचा असा पाऊस पाडला की दारातून जाणारी पोरं थांबून मोबाइलवर चित्रण करू लागली. भजन संपल्यावर वीणेकरी बापू वीणा उतरवत म्हणाले, “तात्या, हात जबर चालला. पण आज अभंग काही ऐकू आला न्हाई.”

बापूंनी हे सगळ्यांदेखत म्हटलं, पण हळू आवाजात. तात्यांना ते लागलं. ज्या हाताला पंचक्रोशी नावाजते, त्याला हे शिकवणार! ते काही न बोलता उठले. त्यानंतर देवळाकडे फिरकले नाहीत. पावसाळा गेला, दिवाळी गेली.

हंगाम सुरू झाला आणि नेमका अवकाळी पाऊस आला. तात्या त्या रात्री जागरासाठी निघाले होते, पण अर्ध्या वाटेवर फोन आला की मांडव कोसळला, कार्यक्रम रद्द. गाडी माघारी फिरली आणि त्यांना वेशीत सोडून गेली. नवा मृदंग खांद्याला लावून ते घराकडे निघाले. वीज गेली होती. देवळात समईच्या उजेडात भजन चालू होतं, नुसत्या टाळांवर. ऐन चढात आवाज पडत होते, त्यांना खालून उचलून धरणारं काही नव्हतं.

पाऊस वाढला म्हणून तात्या सभामंडपात शिरले. कोपऱ्यात देवळाचा जुना मृदंग खोळीत उभा होता. त्याच्यासमोर पितळेची वाटी, वाटीवर ओलं फडकं.

त्यांनी फडकं उचलून पाहिलं. कणीक ताजी होती.

अभंग संपल्यावर ते खांबाजवळ गेले. “आक्का, कोण वाजवतंय हल्ली?”

“कोण न्हाई.”

“मग कणीक?”

“रोज आणती.”

“मी येत न्हाई, ते ठाऊक हाय ना तुमाला?”

आक्का गुडघा चोळत होत्या, हात थांबला नाही. “तू यायचं का न्हाई ते तुझं काम. कणीक मळायची ते माझं. तुझं काम हुईना म्हणून माझं का सोडू?”

“वाया जाती की.”

“गाय खाती,” आक्का म्हणाल्या. “आन् मळताना माझं नाव घेऊन हुतं. वाया काय गेलं?”

तात्या त्यावर काही बोलले नाहीत. नवा मृदंग त्यांनी भिंतीशी टेकवला आणि जुन्याची खोळ काढली. वाद्या सैल पडल्या होत्या, शाईला बारीक चीर गेली होती. सर्द हवेत पुडी उतरलेली. हातोडीने गठ्ठे किती ठोकले तरी काळी दोन येईना. तेव्हा पेटीवाले, ज्यांच्या हाताला तात्यांनी मनात नावं ठेवली होती, ते आपणहून खाली आले. “पांढरी दोनमधी म्हणू,” ते म्हणाले, “बापूंना बी बरं पडंल.” तात्यांनी धुमाला पाण्याचा हात लावला, आक्कांच्या वाटीतला गोळा उचलला आणि थापला.

त्या रात्री त्यांनी सरळ ठेका वाजवला. बापूंचा श्वास आता कुठे पुरतो आणि कुठे तुटतो, हे त्यांनी ऐकलं आणि तुटायच्या आधी धुमावरची थाप जरा लांबवली. मागच्या रांगेत एक टाळकरी लयीत मागे राहायचा. त्यालाही त्यांनी दोन आवर्तनांत जवळ घेतलं. मोबाइल काढावा असं त्यात काही नव्हतं. भैरवी झाली, पसायदान झालं. बापूंनी वीणा उतरवली, तात्यांच्या पाया पडले, तात्या बापूंच्या पाया पडले. वारकऱ्यांत तशी रीतच आहे. पण त्या दिवशी दोघांनी तिला जरा जास्त वेळ लावला.

पुढे तात्यांनी बोलावणी सोडली नाहीत. मुलीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. मात्र गुरुवार आणि एकादशी त्यांनी बाजूला काढल्या. ऐन माघातल्या एकादशीला एका मोठ्या सप्ताहाचा फोन आला. पाकीट दुप्पट देऊ म्हणाले.

“त्या दिवशी मी मोकळा न्हाई,” तात्यांनी सांगितलं.

“दुसरीकडं घेतलाय का कार्यक्रम?”

“व्हय.”

“कुणाचं कीर्तन हाय?”

“कीर्तन न्हाई. आमच्या देवळात भजन हाय.”

पलीकडचा माणूस हसला. त्याला वाटलं, भाव वाढवायची ही रीत असेल. तात्यांनी शांतपणे दुसऱ्या मृदंगवाल्याचा नंबर दिला, आळंदीला शिकून आलेला मुलगा, गरजू होता, हात चांगला होता.

रविवारी दुपारी तालमीच्या खोलीत पुन्हा त्यांचा आरडाओरडा ऐकू येऊ लागला. बाजारातल्या एका हमालाचा मुलगा तिथेच त्यांच्या मागे लागला, मला मृदंग शिकवा म्हणून. सप्ताहातले त्यांचे व्हिडिओ त्याने पाहिले होते आणि त्याला त्या लग्ग्या हव्या होत्या. तात्या म्हणाले, गुरुवारी संध्याकाळी भजनाच्या तासभर आधी ये.

पोरगा वेळेच्या आधीच देवळात हजर झाला. तात्यांनी मृदंगाची खोळ काढली नाही. त्याला आक्कांपुढे बसवलं, परात पुढे सरकवली आणि मूठभर पीठ घातलं. पोराने भसकन पाणी ओतलं, बोटांना चिकटलेला लगदा दाखवत तो म्हणाला, “झाली. आता वाजवू?”

आक्कांनी गोळ्यात बोट खुपसून पाहिलं. “पातळ झाली,” त्या म्हणाल्या. “आजून पीठ घे. नाव घेत मळ.”